‘एअरोस्पेस ग्रेड’च्या मागे धावू नका, आधी सांधा बघा



मागच्या महिन्यात बॅच संपल्यावर कोल्हापूरचा एक मुलगा मागे थांबला. वय चोवीस. काकांची छोटी फाउंड्री आहे, स्वतः मेकॅनिकल डिप्लोमा केलाय. त्याने लॅपटॉप उघडला आणि मला त्याचा प्लॅन दाखवला. बोटीच्या सीटचे पाय, सीट फिरवायची प्लेट, पुढे-मागे सरकवायची रेल, गळाची काठी अडकवायचा होल्डर, सगळं ७०७५ नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत. पहिल्या स्लाइडवर विमानाचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात ‘एअरोस्पेस ग्रेड’. शेवटच्या स्लाइडवर एकच आकडा होता. अठरा लाख. मशीनसाठी कर्ज, आणि तारण म्हणून वडिलांचं राहतं घर.

“सर, फक्त एवढंच सांगा. करू का?”

मी म्हटलं, “आत्ता नको.”

त्याचा चेहरा पडला. साहजिक आहे. चॅनेलवर मीच सांगत असतो की हिंमत करा, नवीन करा, आणि समोर नवीन घेऊन आलेल्या पोराला मीच नको म्हणतोय. पण त्या अठरा लाखांच्या मागे एक घर आहे. म्हणून माझं ‘नको’ कशामुळे आलं ते आज नीट लिहून काढतो. हे त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्यासारखा प्लॅन मनात घेऊन बसलेल्या प्रत्येकासाठी आहे.

माझं मत सरळ आहे. छोट्या उद्योजकाने भारी धातूपासून सुरुवात करू नये. वस्तू कुठे तुटते, कुठे अडकते, कुठे कुजते ती जागा आधी शोधावी. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे दोन भागांमधला सांधा असतो. धंदा तिथे आहे. धातू त्यानंतर निवडायचा, आणि काम भागेल तो सगळ्यात साधा निवडायचा.

हे शहाणपण मला बीबीएच्या वर्गात मिळालेलं नाही. तिथे आम्हाला इनोव्हेशनवर अख्खा पेपर होता, पण वॉशर कुणी शिकवला नाही. तो मला एका बोटवाल्या काकांनी शिकवला.

मी विकलेला बोल्ट

माझं दुकान मालवणात आहे. हार्डवेअर, नट-बोल्ट, बोटीचं किरकोळ सामान. काही वर्षांपूर्वी एक काका आले. पर्यटकांना फिरवायची फायबरची स्पीडबोट, त्यात सहा सीट. प्रत्येक सीट ॲल्युमिनियमच्या एका पायावर, आणि तो पाय खाली बोल्टने डेकला बसवलेला. जुने साधे लोखंडी बोल्ट गंजले होते. मी त्यांना चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट काढून दिले. ३०४ ग्रेड. वर तोंडाने म्हटलं, “काका, एकदम मरीन माल. डोळे झाकून लावा.” बिल झालं अकराशे चाळीस रुपये.

सीझन संपायच्या आत काका परत आले. हातात सीटचा पाय होता. त्याच्या खालच्या पट्टीला बोल्टसाठी जी भोकं असतात, त्यांच्याभोवती पांढरी पावडर जमली होती. नखाने खरवडली तर धातू पिठासारखा गळत होता. भोकं एवढी मोठी झालेली की बोल्टचं डोकं त्यातून आरपार जाईल. आदल्या दिवशी लाटेवर बोट आपटली आणि सीट पर्यटकासकट कलंडली. त्या माणसाने बाजूचा पाइप धरला म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. काकांनी त्या ग्रुपचे पैसे परत केले, आणि चारचौघांत बोलणी खाल्ली ती वेगळीच.

माझा बोल्ट? तो अगदी नव्यासारखा. काकांनी तो काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “तुझो बोल्ट चकचकीत आसा रे, पण माझी सीट खंय गेली?”

त्या वाक्याने मला झोप लागली नाही. सहाही पायांचे पैसे मी भरून दिले. अकराशे चाळीसच्या विक्रीवर एकोणीस हजारांचा फटका. पण पैशापेक्षा लागलं ते हे की मी विकलेला माल चांगला होता आणि तरीही एक माणूस पाण्यात पडता पडता वाचला.

नेमकं झालं काय?

पूर्वी टॉर्चमध्ये सेल तसाच राहून गेला तर तो फुटून आत चिकट पाणी यायचं, आठवतंय? त्या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचं असतं. वीज देता देता ते जस्त स्वतः झिजत जातं. समुद्रावर अगदी हेच होतं. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले आणि त्यांच्यावर खारं पाणी आलं की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. त्यातला एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो.

कोण झिजणार हे ठरलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात धातूंची एक उतरंड आहे. खालच्या टोकाला जस्त आणि ॲल्युमिनियम, ते पटकन झिजतात. मग लोखंड, मग पितळ आणि तांबं, आणि वरच्या टोकाला स्टेनलेस आणि टायटॅनियम. दोघांमधलं अंतर जितकं जास्त तितका खालचा लवकर संपतो. काकांच्या बोटीवर ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस थेट एकमेकांना चिकटवले होते. त्या जोडीत ॲल्युमिनियम हरणारच होतं.

आता इथे लक्ष द्या, कारण पुढचा मुद्दा यावरच उभा आहे. स्टेनलेसमध्ये साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं. त्याची हवेतल्या ऑक्सिजनबरोबर एक अतिशय पातळ थर बनवायची सवय असते, आणि तो थर धातूला वाचवतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये निकेल थोडं जास्त आणि वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, त्यामुळे तो मिठाला जास्त दाद देत नाही. समुद्रावर ३१६ वापरा हे बरोबरच आहे. मग मी काकांना ३०४ च्या जागी महाग ३१६ विकला असता तर सीट वाचली असती का?

नाही. बोल्ट अजून चकचकीत राहिला असता. ॲल्युमिनियम तसंच गेलं असतं. त्याहून पुढे जाऊन टायटॅनियमचा बोल्ट लावला असता तरी तेच, कारण उतरंडीत टायटॅनियम आणखी वर आहे. म्हणजे जितका भारी बोल्ट, तितकं सीटच्या पायाचं मरण पक्कं.

उपाय काय निघाला? आमच्याकडच्या लेथवाल्याकडून प्लास्टिकच्या कडक रॉडमधून छोटे बुश कापून घेतले. बोल्ट या बुशमधून जातो, त्यामुळे भोकाच्या कडेला टेकत नाही. डोक्याखाली प्लास्टिकचा वॉशर आणि त्यावर स्टेनलेसचा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. पायाच्या खाली रबराची पातळ गादी. आटे बसवताना पेस्ट, म्हणजे पाणी आत शिरत नाही आणि स्टेनलेसचा नट स्टेनलेसवर जाम होत नाही. एका सीटच्या या सेटला तेव्हा मला खर्च आला दोनशे दहा रुपये.

काकांच्या बोटीला ते सेट लावून दिले. पुढच्या सीझनला उघडून पाहिलं तर भोकं गोल होती. मग तोच सेट पाकिटात भरून, वर बसवायची पद्धत मराठीत छापून, तीनशे ऐंशीला विकायला लागलो. आजही विकतो. त्यात एकही भारी धातू नाही.

अडीचशे वर्षांपूर्वीचा तपकिरी कागद

मला वाटायचं हे माझ्यासारख्या नवख्या दुकानदाराचं अज्ञान. मग वाचताना कळलं की ब्रिटिश नौदलाने हीच चूक अख्ख्या युद्धनौकेवर केली होती.

तेव्हा जहाजं लाकडाची. समुद्रातली कीड लाकूड पोखरायची, आणि तळाला शिंपले-शेवाळ चिकटून जहाज मंदावायचं. १७६१ मध्ये ब्रिटिशांनी ‘ॲलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. त्या काळातली ही जबरदस्त कल्पना. कीड लागेना, शेवाळ चिकटेना. पण १७६३ मध्ये जहाज परत आल्यावर तळ तपासला तर पत्रे बऱ्याच ठिकाणी सुटलेले. पत्रे चांगलेच होते. ते ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते ते खिळेच झिजून गेले होते. तांबं वर, लोखंड खाली, मध्ये खारं पाणी. तीच बॅटरी.

पण काही खिळे मात्र धडधाकट निघाले. का? तांब्याचे पत्रे आले तेव्हा ते तपकिरी कागदात गुंडाळलेले होते. काही ठिकाणी तो कागद नीट काढलाच नव्हता, तो खिळा आणि पत्रा यांच्या मध्ये अडकून राहिला होता. जिथे कागद होता तिथे तांबं आणि लोखंड टेकले नाहीत, आणि खिळा वाचला.

विचार करा. एवढी मोठी युद्धनौका, एवढं महाग तांबं, आणि काम केलं कुणी? कामगाराने आळसाने न काढलेल्या कागदाने. पुढे १७८०च्या दशकात लोखंडाऐवजी तांब्याचे कडक केलेले बोल्ट वापरायला लागल्यावर हा प्रश्न आटोक्यात आला. म्हणजे सुधारणा पत्र्यात नाही झाली, जोडणीत झाली.

माझं दोनशे दहा रुपयांचं पाकीट म्हणजे तोच कागद. म्हणून मी कधी म्हणत नाही की हा माझा शोध. शोध जुना आहे. मी तो मालवणच्या जेटीपर्यंत आणला, आणि धंदा तेवढ्यानेही होतो.

मग नवे धातू वाईट का?

अजिबात नाही. कोल्हापूरच्या मुलानेही मला हेच विचारलं. “सर, मग जगात कुणी नवीन धातू शोधायचाच नाही का?”

शोधायचा. फक्त तो कोण शोधतो, किती पैशांत आणि किती वर्षांत, हे माहीत करून उडी घ्यायची.

१९०६ च्या सुमाराला आल्फ्रेड विल्म हा जर्मन संशोधक ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं घालून प्रयोग करत होता. तापवून थंड केलेला तुकडा लगेच मोजला तर खास नव्हता, पण काही दिवस तसाच पडून राहिल्यावर तो कडक झालेला आढळला. त्यातून ड्युराल्युमिन आलं आणि पुढे विमानं त्याची बनली. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारं पोलाद शोधत होता. त्याला न गंजणारं पोलाद मिळालं. त्याचा पहिला मोठा बाजार बंदुकीत नव्हता, तो जेवणाच्या सुरीत निघाला. १९५९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूवर काम करत होता. तो धातू वाकवला आणि गरम केला तर मूळ आकारात परत येतो. आज हृदयाच्या नळीत घालायच्या स्टेंटमध्ये तो वापरतात, पण त्या वापरापर्यंत पोचायला काही दशकं गेली.

या तिघांच्या मागे पगार देणारी संस्था होती, भट्टी होती, आणि थांबायला वेळ होता. आपल्याकडेही संरक्षण आणि अंतराळ कामाचे खास धातू बनवायला सरकारने १९७३ मध्ये हैदराबादला मिश्र धातु निगम ही वेगळी कंपनीच काढली. एवढं ते जड काम आहे. वडिलांचं घर तारण ठेवून करायचं हे काम नाही.

आणि ७०७५ बद्दल थोडं खरं बोलू. ताकदीला तो जबरदस्त आहे, त्याच्या नेहमीच्या कडक अवस्थेत ६०६१ च्या जवळपास पावणेदोन पट. पण त्यात जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं असतं, आणि तांब्यामुळे तो खाऱ्या पाण्यात लवकर खराब होतो. त्याचं वेल्डिंगही नीट होत नाही. विमान ढगात उडतं, समुद्रात उभं राहत नाही. म्हणून बोटबांधणीवाले वेगळ्या वाटेने जातात, ५०८३ सारखे मॅग्नेशियमवाले ॲल्युमिनियम वापरतात. ताकद कमी, पण मिठाला टिकाऊ आणि वेल्ड होणारे. म्हणजे त्या स्लाइडवरचं विमान हे त्याच्या मालाचं कौतुक नव्हतं, ती धोक्याची पाटी होती. त्यालाच ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना तो घर लावायला निघाला होता.

बोटीच्या सीटमध्ये खरे शोध कुठे लागले?

वल्हवण्याच्या शर्यतीचं उदाहरण घ्या. जुन्या काळी त्या बोटींत बसायची फळी स्थिर असायची. पायांची ताकद वल्ह्यात यावी म्हणून खेळाडू चड्डीच्या बुडाला चामडं लावायचे, त्याला चरबी चोपडायचे आणि फळीवर घसरायचे. लोक असा जुगाड करायला लागले की समजा तिथे शोधाची जागा रिकामी आहे. १८७० च्या आसपास अमेरिकेत बॅबकॉक नावाच्या वल्हेवाल्याने सरकती सीट वापरात आणली. १८७३ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांनीही आपल्या शर्यतीत ती लावली. तीच बोट, तीच माणसं, तेच लाकूड. फक्त सीट सरकायला लागली आणि वेग बदलला.

दुसरं उदाहरण आजचं. वेगवान गस्ती बोटी आणि बचाव बोटी लाटेवर आपटतात तेव्हा चालवणाऱ्याच्या कण्याला मार बसतो. म्हणून त्यांत मोटारसायकलच्या शॉकॲब्सॉर्बरसारखी दणका झेलणारी सीट बसवतात. इथेही शोधाची सुरुवात माणसाच्या कण्यापासून झाली, आणि स्प्रिंगला कुठलं पोलाद घ्यायचं हे त्यानंतर आलं.

दोन्हीकडे क्रम एकच. आधी त्रास, मग हालचाल किंवा जोडणी, आणि शेवटी धातू.

कायदा काय म्हणतो तेही ऐका

“सर, मी पेटंट घेणार आहे.” हे वाक्य मला दर बॅचमध्ये ऐकू येतं. छान. पण आपला पेटंट कायदा, १९७० चा, एकदा उघडून बघा. कलम ३ मध्ये कशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी आहे. त्यातलं (च) म्हणजे इंग्रजी प्रतीतलं ‘एफ’ म्हणतं की माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिली, तर तो शोध नाही. ‘ई’ म्हणतं की पदार्थांचं नुसतं मिश्रण, ज्यात फक्त घटकांच्याच गुणांची बेरीज आहे, तोही शोध नाही.

साध्या भाषेत सांगतो. सीटला काठीचा होल्डर जोडला, त्याला कप-होल्डर जोडला, आणि सगळं भारी धातूत केलं, एवढ्यावर पेटंट मिळेल असं धरून चालू नका. जोडल्यामुळे काहीतरी असं घडलं पाहिजे जे आधी घडत नव्हतं आणि जे त्या धंद्यातल्या जाणकारालाही सहज सुचलं नसतं.

तरीही तुमच्याकडे खरंच तसं काही असेल, तर चार गोष्टी लिहून घ्या.

१. अर्ज आधी, व्हिडिओ नंतर. तुम्ही स्वतःच रीलमध्ये किंवा प्रदर्शनात वस्तू दाखवली की ती ‘नवी’ राहत नाही, आणि नंतरचा अर्ज त्यावर अडकू शकतो. म्हणून मी चॅनेलवर कुणाचंही नवं डिझाइन अर्ज झाल्याशिवाय दाखवत नाही. राग मानू नका.

२. सगळं तयार नसेल तर तात्पुरता अर्ज करता येतो. त्यानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. तपासणीची फी आणि वकिलाचे पैसे वेगळे. भरण्याआधी सरकारी वेबसाइटवर ताजा आकडा बघा.

३. वेगळेपणा फक्त दिसण्यात, आकारात असेल तर पेटंटऐवजी डिझाइन नोंदणी बघा. २००० सालचा डिझाइन कायदा १० वर्षं देतो, आणि पुढे ५ वर्षं वाढवता येतात. पेटंट २० वर्षांचं असतं.

४. आधी शोध घ्या, तोही फुकट. गुगल पेटंट्सवर जा. बोटीतल्या सीट आणि फर्निचरचा वर्ग आहे बी६३बी २९/०४, मिश्रधातूंचा सी२२सी. एक आख्खा रविवार त्यात घालवा. तुमची कल्पना तिथे आधीच सापडली तर वाईट वाटेल, पण अठरा लाख वाचतील.

मी काय सांगितलं

त्या मुलाला मी म्हटलं, “मशीन नंतर. आधी आठवडाभर मालवणात ये. जेवण माझ्याकडे. रोज जेटीवर जा, बोटवाल्यांच्या परवानगीने सीट बघ, आणि वहीत लिही.” काय लिहायचं तेही दिलं. हेच तुम्ही तुमच्या धंद्यातही वापरा, मग ती बोटीची सीट असो की शेतातला पंप.

पहिलं, वस्तू नेमकी कुठे बिघडते? पूर्ण वस्तूचं नाव लिहू नका, भाग लिहा.

दुसरं, तिथे दोन वेगळे धातू टेकतात का? पाणी साठतं का? माती-वाळू अडकते का?

तिसरं, बिघडल्यावर लोक आज काय जुगाड करतात? सुतळी, चिंधी, टायरचा तुकडा, जे असेल ते. जुगाड म्हणजे गिऱ्हाइकाने लिहून दिलेली ऑर्डर आहे.

चौथं, तो त्रास घालवायला माणूस किती पैसे देईल? अंदाज नको, त्यालाच विचारा.

पाचवं आणि शेवटी, या कामाला पुरेल असा सगळ्यात साधा माल कुठला? आणि तो खराच आहे याची खात्री कशी करशील? बाजारात २०० सीरिजचं स्वस्त स्टेनलेस ३०४ म्हणून खपवतात, आणि चुंबक लावून ३०४ की ३१६ हे कळत नाही. बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का बघायचा. ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचा, ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचा. शंका असेल तर मॉलिब्डेनम ओळखणारे थेंब मिळतात, ते टाकून बघायचं, आणि विकणाऱ्याकडून टेस्ट सर्टिफिकेट मागायचं.

पोरगा आला. पहिले दोन दिवस तोंड वाकडंच होतं. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना वही उघडून म्हणाला, “सर, सीटचा पाय कुणाचाच मोडलेला नाही.”

“मग?”

“सीट फिरतच नाही. मधल्या प्लेटमध्ये वाळू आणि मीठ जाऊन ती जाम होते. एका काकांनी तर ती फिरू नये म्हणून दोरीच बांधून टाकलीय. मी विचारलं, धूत का नाही? तर म्हणाले, उघडायला चार पाने लागतात आणि एक नट पाण्यात पडला की संपलं.”

मी काहीच बोललो नाही. त्याचं त्यालाच दिसत होतं. ७०७५ ची प्लेट केली असती तरी तिच्यात वाळू गेलीच असती.

सध्या तो पाना न लावता हाताने उघडणारी, गोड्या पाण्याने धुऊन परत बसवता येणारी प्लेट करतोय. नमुना साध्या, समुद्राला चालणाऱ्या ॲल्युमिनियमचा, काकांच्या फाउंड्रीतच ओतलेला. बोल्टखाली प्लास्टिकचा वॉशर आहे, हे मी आवर्जून तपासलं. ती चालेल की नाही, मला माहीत नाही. पहिला नमुना वाळूने अडकलाच. दुसरा बरा आहे. पण आतापर्यंत त्याचे गेलेत काही हजार, आणि घराचे कागद कपाटातच आहेत. नापास झाला तरी तो उद्या परत उभा राहू शकतो. माझ्या मते नवख्या उद्योजकाचा पहिला नफा हाच.

काकांना मी ती प्लेट दाखवली, अर्थात त्या मुलाच्या अर्जानंतर. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “बोल्ट कोणाचो?”

म्हटलं, “काका, यावेळी वॉशर पण आहे.”

तुमच्या धंद्यात नेमकी कुठली जागा सारखी बिघडते, ती शोधून एका ओळीत मला लिहून पाठवा. कल्पना पाठवू नका, फक्त त्रास पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यावर बोलू. तोपर्यंत वही काढा, जागेवर जा, आणि आधी सांधा बघा.